आमरसाचा अंगठा

देवपूरच्या आमच्या गल्लीत कोणाला घर घ्यायचं असो, विकायचं असो की भाड्याने द्यायचं असो, आधी माझ्या ओट्यावर येऊन बसायची पद्धत होती. मी वकील नाही. सरकारी कचेरीत जन्मभर फायली हलवल्या, तेवढ्या भांडवलावर हे दुकान चालत होतं. भाडेकरूशी करार केला का? नोंदवला का? खरेदीआधी वकिलाकडून मालकीचा शोध घेतला का? वारस किती, सगळ्यांच्या सह्या आहेत का? समोरचा माणूस "नाही हो नाना" म्हणाला की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकायचो, "तोंडी व्यवहार म्हणजे पाण्यावरची रेघ. कागद करा!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे माझ्यासाठीच कोणीतरी म्हणून ठेवलं असावं.

माझ्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून वडिलांचं घर विकून जवळच लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. गिऱ्हाईक एक प्राध्यापक, बँकेचं कर्ज काढणारे. त्यांच्या बँकेने कागद तपासायला एका तरुण वकीलबाईंकडे पाठवलं. उताऱ्यावर वारस म्हणून दोन नावं होती, माझं आणि माझ्या मोठ्या बहिणीचं. अक्का रावेरला दिलेली, घरी केळीच्या बागा. मी हसून पिशवीतून माझं ब्रह्मास्त्र काढलं. अक्काचं हक्कसोडपत्र, आणि तेही लॅमिनेशन केलेलं.

या कागदाची जन्मकथा सांगायला हवी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. अंगणातल्या निंबाला झोका, खापरावरची पुरणपोळी, आमरस. वडील गेले त्याच्या पुढच्याच आखाजीला मी ओळखीच्या नोटरींनाच जेवायला बोलावलं. पंगत रंगात आली असताना अक्कापुढे कागद सरकवला. तिने पोळीचा घास ठेवला, सही केली, शेजारी अंगठाही उठवला. शाईच्या ठशाभोवती पिवळा गोल उमटला. अशी पंगतीत घेतलेली हक्कसोड आमच्या भागात नवी नाही. बहीण हिस्सा मागते म्हटलं की ती भावाचं घर धुवायला निघाली, असं म्हणणारी तोंडंही तयारच असतात.

वकीलबाईंनी लॅमिनेशन उलटंसुलटं करून पाहिलं.

"काका, हे नोंदवलेलंच नाही. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने घरावरचा हक्क सुटत नाही. लग्न झालं म्हणूनही सुटत नाही. तुमच्या बहिणीचा अर्धा हिस्सा अजून तसाच आहे. आणि हा पिवळा डाग कसला?"

"आमरस," मी म्हणालो.

तीस जणांना 'नोंदवा' म्हणून सांगणारा मी! स्वतःचाच असा राग आला की पिशवी तिथेच विसरून घरी आलो. प्राध्यापक थांबायला तयार नव्हते. अक्काची सही महिन्याभरात झाली नाही तर तेही जाणार होते आणि फ्लॅटही.

अक्काला फोन केला. तब्येत विचारली, बागेची विचारली, भाचेसुनेचीही विचारली, आणि मग हळूच 'दोन दिवस येऊन जा' म्हटलं. तिकडून आवाज आला, "भाऊ, आखाजीले आजून तीन महिना शेतस. आतेच कसाले बलावस?"

ती आली. सोबत केळीचा अख्खा घड आणि नवा चष्मा. वकीलबाईंच्या ऑफिसात हक्कसोडीचा नवा मसुदा तिच्यापुढे ठेवला, तर म्हणाली, "माले वाचू दे. मांगे तू वाचू दिधं नही." आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचत बसली. मी तीनदा घड्याळ पाहिलं. शेवटी सगळ्या कागदावरून हात फिरवत तिने विचारलं,

"हाई बठ्ठं सोडी दिधं, ते मंग आखाजीले मी कोठे येऊ?"

"फ्लॅटवर ये ना, अक्का."

"ते कागदवर लिखी दे."

मी हसलो. "ते काय लिखनं पडस? मन्हा शब्द शे ना!"

"तोंडी व्यवहार म्हणजे पाणीवरनी रेघ," अक्का म्हणाली. "तूच सांगस ना बठ्ठास्ले?"

वकीलबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मग म्हणाल्या, "ताई, माहेरी यायचा हक्क असं कलम मला कुठे सापडायचं नाही. पण हक्कसोड केलीच पाहिजे असंही नाही. दोघं मिळून विका, दोघं विक्रीच्या कागदावर सह्या करा. तुमचा हिस्सा नव्या घरात घातलात, तर तिथे तुमचंही नाव लागेल."

माझ्या फ्लॅटवर अर्धं नाव! मी चढ्या आवाजात घर, जबाबदारी, म्हातारपणीची सेवा असलं बरंच काही बोललो. अक्काने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "त्या दिन तू माले हातबी धोवू दिधा नही, भाऊ. मी चष्मा लाईसन वाचसू, याना तुले धाक व्हता."

हे खरं होतं. नोटरींना मीच खुणेने सांगितलं होतं, हात धुवायला उठली की गेली. इतकी वर्षं मी ती गोष्ट आखाजीची गंमत म्हणून सांगत आलो होतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा पुन्हा राग आला. रात्री जेवताना मी ताटाकडे बघत म्हणालो, "दोन्ही नावं लावू."

नोंदणीच्या दिवशी यंत्र अक्काचा अंगठा घेईना. तिने पदराला पुसून पुन्हा ठेवला, तेव्हा घेतला. कारकुनाने विचारलं, "कागद वाचला ना? स्वखुशीने सही करताय?" अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा. आते."

आखाजीला अक्का आली ती झोक्याची दोरी आणि कड्या घेऊनच. मिस्त्रीने गॅलरीच्या छताला भोक पाडायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. दार अक्काने उघडलं.

"आजी, तुम्ही पाहुण्या का? असं भोक पाडता येत नाही. मालकाला विचारावं लागतं."

"इचारा ना," अक्का म्हणाली. "मीच शे मालकीण."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटावर आमरस ओरपत बसलो होतो, मान हलवली. अक्काने पिशवीतून फ्लॅटच्या खरेदीचा कागद काढला. लॅमिनेशन केलेला. तिचं नाव कुठे आहे ते सेक्रेटरींना मीच दाखवावं, म्हणून उठून हात पुढे केला.

अक्काने कागद झटकन मागे घेतला.

"आधी हात धोई ये," ती म्हणाली.

मी गेलो आणि साबण लावून धुऊन आलो.