रेशमी रुमालाची गाठ

गुलिझारचा धाकटा मुलगा सेफेर त्या दिवशी लष्करात शपथ घेणार होता. ती दूरच्या खेड्यातून बसने छावणीच्या फाटकाशी आली. सेफेरनेच पाठवलेला रेशमी रुमाल सुनेने तिच्या डोक्यावर शहरी पद्धतीने, मान झाकून, टाचण्यांनी बसवून दिला होता.

फाटकावरच्या शिपायाने तिला अडवले. "मावशी, असा रुमाल आत चालत नाही. टाचण्या लावून मान झाकणं म्हणजे धर्माचं राजकारण, म्हणून त्याला वरून बंदी आहे."

"अरे, मी राजकारण करायला आले की पोराला बघायला? जन्मभर डोकं झाकलंय मी!"

"झाका ना! पण माझ्या आजीसारखी हनुवटीखाली गाठ मारा. ती चालते."

"म्हणजे तुमचं सरकार माझ्या रुमालाला नाही, टाचण्यांना भितं?"

शिपायाने हसू दाबले. "हळू बोला, साहेब ऐकतील."

आत बँड सुरू झाला. गुलिझारने टाचण्या उपसून त्याच्या तळहातावर ठेवल्या. "धर. नीट सांभाळ, नाहीतर राज्य बुडेल."

परंतु रेशीम गुळगुळीत असल्यामुळे गाठ टिकेना. अखेर ती गाठ मुठीत घट्ट धरूनच ती मैदानाच्या कडेला बसली. शपथ संपल्यावर इतर आयांनी टाळ्या वाजवल्या. हिचा एक हात गुंतलेला होता. तेव्हा ती उभी राहिली आणि शेताच्या बांधावरून मारावी तशी तिने हाक मारली, "सेफेऽऽर!"

रांगेत मान वळवण्याची परवानगी नव्हती. सेफेर समोर पाहतच हसला.