दवाखान्याचे नियम घेऊन भूमहून उस्मानाबादला

सोमवारी निघायचं ठरलं होतं, पण साळूआत्यांचं चांगलं लुगडं एकच आणि टँकर येणार मंगळवारी. लुगडं धुऊन वाळल्यावर आम्ही दोघी बुधवारच्या पहिल्या गाडीनं निघालो. ऐंशीच्या दशकातलं दुष्काळाचं वर्ष होतं. धाराशिवला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणत, म्हणून इथं मीही तसंच लिहिते.

कशासाठी निघालो ते आधी सांगते. आमची बौद्ध वस्ती भूमपासून तासाभराच्या चालीवर. विहाराला लागून एक खोली होती, तिथं साळूआत्या बसायच्या. आत्या सुईण, वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. ऊसतोडीला गेलेल्या बायका सहा महिने दुखणं अंगावर काढून परत यायच्या. त्यांना टेकायला, औषध घ्यायला जागा असावी म्हणून आत्यांनी ती खोली उघडली होती. नर्सबाई अधूनमधून येत. मग सोलापूरच्या एका धर्मादाय संस्थेनं दर शनिवारी डॉक्टर आणि औषधं पाठवायचं कबूल केलं. अट एवढीच, की दवाखान्याची नोंदणी व्हावी आणि नियम लेखी असावेत, म्हणजे उद्या कुणी एकटा माणूस खोलीचा मालक होऊन बसणार नाही. त्यांची माणसं येत्या शनिवारी नोंदणीच्या अर्जाची पोच बघायला येणार होती. पोच नसली तर डॉक्टर दुसऱ्या गावाला जाणार.

नियम मी लिहिले होते. वस्तीत मॅट्रिक झालेली बाई मी एकटी, घरखर्चाची वही ठेवायची, त्यामुळं लिहिण्याचं काम फिरून माझ्याकडंच यायचं. संस्था म्हटली की आम्हाला ठाऊक एकच, गावातली दूध संस्था. तिची छापील पुस्तिका मागून आणली आणि चांगल्या अक्षरात उतरवून काढली. दूध असेल तिथं औषध, संकलन केंद्र असेल तिथं दवाखाना. साळूबाई तहहयात अध्यक्ष, हे मात्र माझ्या मनानं घातलं. विहारात सभा झाली तेव्हा कुणी पूर्ण वाचा म्हटलं नाही आणि मीही वाचलं नाही. कमळनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, एवढ्यावर सगळ्यांनी हात वर केले.

सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणून बाहेर पडले. ह्यांची शाळा होती, मुलं सासूबाईंजवळ ठेवली. पिशवीत चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे आणि कागद. गाडीत आत्यांनी पिशवी छातीशी धरली होती.

"मावशी, पिशवी खाली ठेवा की," कंडक्टर म्हणाला.

"खाली कशी ठिवू? दवाखाना हाय त्यात."

"मग दवाखान्याचं तिकीट काढा."

"आजारी पडलास की ये, तवा फिटंल," आत्या म्हणाल्या. गाडी हसली आणि कंडक्टरनं आम्हाला पुढची जागा करून दिली.

भूम ते येरमाळा रस्ता तेव्हा खडीचाच म्हणावा असा. दोन्ही बाजूंनी रानं करपलेली, बाभळी तेवढ्या हिरव्या. आज जाणार असाल तर रस्ता गुळगुळीत आहे, पण खिडकीशीच बसा, बालाघाटाचे माळ डोळे भरून दिसतात. येरमाळ्याला गाडी थोडा वेळ थांबते. फाट्यावर गरम भजी मिळत, अजून मिळतात. आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. आत्यांनी येडाई देवीच्या डोंगराकडं बघून हळूच हात जोडले, मग माझ्याकडं बघितलं. मी कांदा फोडत होते. बौद्ध होण्याआधीचं, त्यांच्या बालपणीचं काही त्या डोंगरावर राहिलं असेल, ते विचारायचं मला काय कारण?

पुढं येडशीचा घाट उतरून दुपारपर्यंत उस्मानाबाद. कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्जनवीस बसत. त्यातले एक म्हातारे चाचा, निजामाच्या काळापासून लोकांचे अर्ज लिहून देणारे. पांढरी दाढी, चष्म्याला दोरा. त्यांनी आमचे कागद घेतले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. आमचे नियम पुरते वाचणारा तो पहिला माणूस.

वाचता वाचता थांबले. "बाईजी, हे बगा. दुधात पाणी आढळल्यास संचालक मंडळ कारवाई करील. दवाखान्यात दुधात पाणी कोण घालनार?"

माझे कान गरम झाले. एक दूध बदलायचं राहून गेलं होतं.

"हे सोडा, हसन्यावारी जाईल," चाचा म्हणाले. "पन हे बगा. जो सभासद सलग सहा महिने गैरहजर राहील, त्याचं नाव आपोआप कमी. हे कुनी घातलं?"

दूध संस्थेत सहा महिने दूध न घालणाऱ्याचं नाव काढतात. मी दूध घालण्याच्या जागी हजेरी घातली होती. शिस्त वाटली होती मला ती. मी तसं सांगितलं.

आत्या दोघांकडं बघत होत्या. "सहा म्हैने कोन नसतंय गावात?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर त्यांनाच मिळालं. "ऊसतोडीची माणसं. आगं कमळ, ज्यांच्यासाठी खोली उघडली तीच भाईर व्हय?"

मी म्हटलं, चाचा, तेवढी ओळ खोडा, मी इथंच सही करते. चाचांनी दौतीचं झाकण लावलं. "सभेनं मंजूर केलेला कागद हाय. तुमी-आमी झाडाखाली बसून बदलला तर तो कागद खोटा. दोन रस्ते हाय. आज असाच द्या, पोच घ्या, मग सवडीनं बदला. न्हाय तर परत जा, सगळ्यांना इचारून आना."

पोच हातात पडत होती. सोलापूरची माणसं शनिवारी येणार होती. माझं मन पहिल्या रस्त्याकडं होतं, लपवून काय करू.

"सवडीनं कोन बदलतंय?" आत्या उठल्या. "नावं गेली की गेली. चल."

चाचांनी पैसे घेतले नाहीत. काम झालं नाही तर दाम कशाचा, म्हणाले.

संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्यांसमोर चूक सांगितली. ह्यांनी म्हटलं, "इथल्यांचं काय, इथले हो म्हणतील. जे नाहीत त्यांना विचारा." त्या वर्षी ऊसच वाळला होता, टोळ्या लवकर परतल्या होत्या आणि परंड्याच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर गेल्या होत्या.

गुरुवारी परंड्याची गाडी. परंड्याला कुणी गेलात तर किल्ला जरूर बघा, सकाळी ऊन कोवळं असताना, आणि पाणी जवळ ठेवा. आम्ही तटाच्या कडेनं नुसत्या पुढं गेलो. तिथून कामाची जागा दीड तासाच्या चालीवर. आत्या साठीच्या पुढच्या, पण माझ्या चार पावलं पुढंच.

तलावाच्या खोदकामावर उन्हात माणसंच माणसं. मुकादमानं जेवणाच्या सुट्टीपुरता वेळ दिला. आमच्या वस्तीची माणसं एका बाभळीच्या विरळ सावलीत जमली, बायकांनी टोपल्या उपड्या करून बसायला घेतल्या. मी पहिल्या नियमापासून सगळं वाचलं. दुधात पाण्याची ओळही वाचली. हसू आलं त्यांना, मलाही जरा मोकळं वाटलं.

मग ती ओळ आली. दगडू म्हणून एक ऊसतोड्या, तिशीचा, मान खाली घालून म्हणाला, "राहू द्या की आक्का. आमी हितं नसतोच. तुमी गावात राहता, तुमीच चालवा. आमच्यापायी सभा कशाला थांबवता?"

तो रागानं बोलत नव्हता. स्वतःला कधी मोजलंच नव्हतं त्यानं, तेच मला लागलं.

"दगडू," आत्या म्हणाल्या, "तू पायाळू व्हतास. पाय आधी आलं तुझं. दिवस उगवल्यापासनं मावळस्तवर थांबले म्या तुझ्यासाठी. आन आता सभा थांबायची न्हाय व्हय?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तवापासनं उलटाच हाय त्यो," दगडूची बायको रंजना म्हणाली. दगडूही हसला, पण डोळे पुसले त्यानं, धूळ होती म्हणा.

हजेरीची ओळ सगळ्यांनी हात वर करून काढून टाकली. पण नुसती ओळ काढून भागत नव्हतं. वर्षाची सभा तुम्ही नसताना झाली तर नाव असून काय उपयोग, असं मीच विचारलं. कारखाना कधी बंद होईल त्याचा नेम नाही, तारीख कशी घालणार?

रंजना म्हणाली, "बुद्ध पौर्णिमेला आपन कुठंबी असलो तरी येतोच की. त्याच्या पुढचा ऐतवार धरा."

इतकं सोपं होतं ते. दूध संस्थेच्या पुस्तिकेत हे मला कुठून सापडणार? मी लिहिलं: वार्षिक सभा बुद्ध पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी भरेल, आणि नियमांतला कोणताही बदल त्याच सभेत होईल.

शेवटी पदाधिकारी वाचले. अध्यक्ष, साळूबाई, तहहयात.

"तहहयात म्हंजी?" आत्यांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही आहात तोवर, आत्या."

"आन म्या गेल्यावर? खुर्चीत कसं बसायचं ते ह्यांना कोन शिकवंल? म्या हाय तवरच दुसऱ्या कुनाला बसवा. चुकलं तर बाजूला बसून सांगता यील. तीन वर्स लिव्ह."

मी प्रेमानं घातलेला शब्द त्यांनी माझ्याच हातानं खोडायला लावला. सह्या आणि अंगठे झाले. शाईचं बोट आत्यांनी सवयीनं लुगड्याला पुसलं आणि मग दोघी त्या निळ्या डागाकडं बघत राहिलो. पुढचा टँकर मंगळवारी.

रात्री विहारात सगळं पुन्हा वाचलं, इथल्यांचेही हात वर झाले, आणि शुक्रवारी त्याच डागासकट उस्मानाबाद. चाचांनी नियम परत पहिल्या ओळीपासून वाचले, बुद्ध पौर्णिमेशी थांबले, दाढीवरून हात फिरवला. "हे कुनी सुचवलं?"

"ऊस तोडणाऱ्या बाईनं," मी म्हटलं.

"अच्छा कायदा हाय," चाचा म्हणाले आणि अर्ज लिहायला घेतला. कचेरीतून पोच मिळाली ती आत्यांनी पदरात बांधली. त्या दिवशी चाचांच्या शेजारी बसून आम्ही एकेक कप चहा घेतला. तीन दिवसांतला बाहेरचा खर्च म्हणजे तेवढाच, बाकी गाडीभाडं आणि अर्जाची लिखाई.

शनिवारी सोलापूरची माणसं आली, पोच बघितली. पुढच्या शनिवारी डॉक्टर आले.

घरी परतल्यावर मी दूध संस्थेची पुस्तिका पुसून, कव्हर घालून परत दिली. तिचे नियम वाईट नव्हते, ते दुसऱ्यांच्या घरचे होते. तेव्हापासून कुणी कागद पुढं केला की मी आधी मोठ्यानं वाचते, तो ज्याच्यासाठी आहे त्या माणसासमोर.

तीन वर्षांनी सभेनं रंजनाला अध्यक्ष केलं. साळूआत्या तिच्या बाजूला बसल्या, कोपरानं ढोसत, पुढं कितीतरी वर्षं. आता त्या नाहीत. वस्तीतले ऊसतोडीला जाणारेही थोडेच उरलेत. मागं एकदा डॉक्टरांनी सुचवलं की सभा हिवाळ्यात घ्यावी, उन्हाचा त्रास होतो. रंजना म्हणाली, "अजून दोन घरं जातात, डॉक्टर." विषय तिथंच संपला.

म्हणून सभा अजूनही मे महिन्याच्या उन्हात, विहारासमोरच्या पटांगणात भरते. बघायला येणार असाल तर भूमपर्यंत एसटी आहे, पुढं रिक्षा मिळते. डोक्याला रुमाल बांधून या. आम्ही सगळे येईपर्यंत सुरू करत नाही.