शेजारच्या सीटचा ब्रेक

"आधी बेल्ट लाव, मग मी चावी फिरवते."

"लावलाय की! गाडी ओरडतेय का? नाही ना? मग?"

"नुसता खटका लावलायस वहिनी. बेल्ट तुझ्या पाठीमागून गेलाय."

"गाडी शिकवतंय कोण? तू की मी?"

"कालच त्या बँकेतल्या साहेबाला याच्यावरून फाडून खाल्लंस! बेल्ट काय शोभेला दिलाय का, म्हणालीस."

"त्याची गोष्ट वेगळी."

"त्याची वेगळी, माझी वेगळी, आणि तू काय पोलादाची?"

शहरातल्या निम्म्या बायका गाडी चालवायला वहिनीकडूनच शिकल्या होत्या. सगळे तिला ब्रेकबाई म्हणत. शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि हिचा पाय त्यावर कायमचा मुक्कामाला. समोरचं कुत्रं उठायचा विचार करेपर्यंत हिने गाडी थांबवलेली असे. एके काळी गाडीत बसलं की जिला उलटी व्हायची, ती नवऱ्याची नोकरी गेल्यावर हट्टाने शिकली आणि शिकवायलाही लागली. सात वर्षांपूर्वी तिच्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, किरणं, सगळं उरकून, डोक्याला रुमाल बांधून ती पुन्हा याच सीटवर येऊन बसली. तेव्हापासून नवरा तिची ओळख एकाच वाक्यात करून देई, "आमची ही त्यातून उठली बरं का!"

नणंदेला आता राहवेना. ती वाकली आणि तिने बेल्ट ओढून पुढे घेतला, सरळ वहिनीच्या छातीवरून.

"आई गं!"

नणंदेचा हात जागीच थिजला. "काय झालं?"

"काही नाही. जुना व्रण आहे. काचतो बेल्ट."

"सात वर्षं नाही काचला तो?"

वहिनी समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "व्रणाच्या शेजारी टणक काही लागलं हाताला. वाटाण्याएवढं होतं. वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसते. किरणांनी ती बाजू राठ झालीच होती, म्हटलं त्यातलंच काहीतरी असेल."

"होतं म्हणजे? आता केवढं आहे?"

"मी हात लावायचं सोडलंय."

"आणि यंदाची तपासणी? सगळं छान आहे म्हणालीस! दादाने ऑफिसभर सांगितलं!"

"गेलेच नाही. बागेत बसून आले."

"वहिनी! अगं, तुला कळत नाही असं थोडंच आहे?"

"कळतं म्हणूनच! मागच्या वेळी काहीच ठाऊक नव्हतं, डोळे मिटून गेले. आता पायरी न् पायरी पाठ आहे. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी केमोची ती चव. आणि तुझ्या दादाचा तो हसरा चेहरा, न्हाणीघरात नळ सोडून, रडून घेऊन, मग माझ्यासाठी चढवलेला. पुन्हा चढवायला लावू त्याला?"

"आणि नसलंच काही तर?"

"मग घाई कसली?"

"आणि असलं तर?"

"गाडी काढ. चौकातून डावीकडे, बाजारावरून घरी."

नणंद लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटली होती. भर रस्त्यात गाडी बंद पाडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आजही दोन आचके देऊन गाडी निघाली. वहिनीने बेल्ट मुठीत धरून छातीपासून लांब ताणला होता. चौक आला. डावा दिवा लुकलुकला, मग नणंदेनेच तो बंद केला. गाडी सरळ गेली.

"डावीकडे म्हटलं ना!"

"चुकलं."

"मग पुढून वळव."

"वळवायचं कुठे शिकवलंयस अजून?"

"खोटारडी!"

हा रस्ता हॉस्पिटलचा. गेले कित्येक आठवडे शिकणाऱ्यांना वहिनी लांबचा वळसा घालून नेत होती. विटांची ती इमारत दिसायला नको. आता ती समोरून हळूहळू मोठी होत होती. वहिनीचा पाय सवयीने ब्रेकवर टेकला. रस्ता मोकळा. मागेही कोणी नाही. जरासं दाबलं की झालं असतं. नणंदेने एकवार त्या पायाकडे पाहिलं आणि ओठ चावले, पण वेग कमी केला नाही. दुसऱ्या गियरवरच ताणलेली गाडी गुरगुरत होती.

"तिसरा टाक," वहिनी म्हणाली, आणि तिने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

हॉस्पिटलच्या फाटकाच्या आत गाडी तिरकीच थांबली आणि बंद पडली.

"हँडब्रेक."

नणंदेने ओढला. "मी येऊ आत?"

वहिनीने खटका सोडला. बेल्ट सर्रकन वर गेला.

"वहिनी, दादाला फोन करू का? काय सांगू त्याला?"

वहिनी उतरली, दार तसंच सताड उघडं टाकून पायऱ्यांकडे चालू लागली.