आमच्याच शेताचा फोन
भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास आला की मला शेतात मडक्यात भाजलेली ती पोपटी आठवते, आणि तेव्हा आलेला फोनही. आजूबाजूची शेतं विकली गेली होती, आमचं तेवढं राहिलं होतं. वालाच्या शेंगा आणि अंडी त्या पाल्यात दडपून भरलेलं मडकं सासूबाईंनी उपडं घालून भोवती पेंढा पेटवला होता. मी मात्र सकाळपासून विमा, कर्ज, सर्व्हे असे पाच फोन कापून वैतागले होते. तेवढ्यात सहावा आला. "मॅडम, पनवेलजवळ प्लॉटचं बुकिंग सुरू झालंय. समोर कर्नाळ्याचा सुळका, मागे ओढा, मधोमध जुनी दगडी विहीर!" मी मान वर केली. समोर सुळका होता, मागे ओढा, आणि विहिरीच्या कठड्यावर आमचीच शेंगांची टोपली. मी फोन स्पीकरवर टाकून पत्ता विचारला. पत्ता ऐकून सासूबाईंनी राखेचे हात पदराला पुसले आणि फोन हातात घेतला. "पोरी, ही जागा आमी कुनाला इकली नाय. तुज्या सायबाला सांग, शेंगा खायाला खुशाल ये, पन मोजायची टेप आनलीस तर गाठ माज्याशी हाय." पलीकडून फोन कट झाला, आणि सासूबाईंनी शांतपणे मडक्यावरचा जाळ बाजूला सारला. आज त्या नाहीत, प्लॉटवाल्यांचे फोन मात्र येतातच. पूर्वी 'सॉरी, नको' म्हणणारी शहरातली मी, आता त्याच कठड्यावर बसून सांगते, "इकायचं नाय."