रिंगांची सुधारित यादी

ऑफिसात त्याला सगळे टॉवर म्हणायचे. एक तर उंची तशी. शिवाय जेवणाच्या सुट्टीत हातातला फोन छताकडे धरून तो रेंज शोधत फिरायला लागला की दुसरं कुठलं नाव सुचणंच अवघड होतं. वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीमागे त्याची खुर्ची. लोक बिल जास्त आलं म्हणून भांडायला यायचे आणि टॉवर त्यांना मोबाइलचा खर्च कसा कमी करायचा ते समजावून परत पाठवायचा. निम्मे लोक घरी पोहोचेपर्यंत मूळ तक्रार विसरलेले असायचे. साहेबांना वाटायचं, आपली खिडकी फार छान चालली आहे.

फोनवर मिनिटाला पैसे लागायचे, त्या काळात त्याची ही विद्या बहरली. एकसष्टाव्या सेकंदाला दुसऱ्या मिनिटाचे पैसे कापले जातात, म्हणून तो अठ्ठावन्नाव्या सेकंदाला फोन ठेवायचा. दोन सेकंद बोटाच्या आळसासाठी राखीव. सासरे गेले तेव्हा मेहुण्याचं सांत्वनही त्याने याच हिशेबात बसवलं. "धीर सोडू नको, आम्ही सगळे तुझ्या" एवढं बोलून फोन बंद. 'पाठीशी आहोत' हे पुढच्या मिनिटात येणार होतं, ते मेहुण्याला आजतागायत मिळालेलं नाही. घरात कुणी वाक्य अर्धवट सोडलं की बायको विचारते, "का, मिनिट संपलं का?"

हे सगळं आता तो स्वतःच सांगतो, तिखटमीठ लावून, आणि हसणाऱ्यांत पहिला नंबर त्याचाच असतो. स्वतःची फजिती सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मुलीचा नवाकोरा फोन त्याने 'थोडा सुधारून देतो' म्हणून उघडला होता, ती गोष्ट तर त्याची खास. फोन पुन्हा जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले. "कंपनीवाले दोन-चार जास्तच लावतात," असं त्याने मुलीला सांगितलं. फोन चालू झाला खरा, पण फोटो काढायला गेलं की आधी टॉर्च लागायचा आणि मग घंटी वाजायची. मुलगी दोन दिवस बोलली नाही. मग तिने स्वतःच्या पैशांनी दुसरा फोन घेतला आणि घरात सांगून ठेवलं, की बाबा माझ्या खोलीत आले तर हात रिकामे दाखवून येतील.

त्याच्याकडे अकरा सिमकार्डं होती. बायकोच्या गोळ्यांच्या दोन जुन्या डब्यांत ती मांडून ठेवलेली, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. हे सकाळी स्वस्त, हे रविवारी फुकट, हे फक्त याच कंपनीच्या नंबराला. जुन्या फोनमधलं मोठं सिम नव्या फोनच्या खाचेत बसवायचं तर नेलकटरने कापून बारीक करायचं, ही कलाही त्याला साधली होती. त्यात चार सिम कापताना धारातीर्थी पडली, पण ती तो मोजत नाही. कंपनीच्या नियमांची पत्रकं ऑफिसच्या कागदावर छापून, टाचणी लावून, कपाटात बायकोच्या साड्यांखाली ठेवलेली असायची.

एवढ्या सगळ्या खटाटोपात खरी जिवाभावाची गोष्ट एकच होती, ती म्हणजे ताई. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा त्याला तिनेच वाढवलं. आता ती एकटी, बसने तीन तासांवरच्या गावात, दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. ताईला काही झालं तर आपल्याला कळणार कसं, ही एकच काळजी त्याला खरोखर झोपू द्यायची नाही. त्यावर त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे उपाय काढला. त्या अकरांतलं, स्वतःच्या नावावरचं एक सिम आणि दुरुस्त केलेला एक जुना फोन तिला दिला, दोरी लावून गळ्यात अडकवायला शिकवलं आणि खुणा ठरवून दिल्या. रोज सकाळी सातला तो एक रिंग देणार, तिने एक परत द्यायची: मी ठीक आहे. तिने दोन दिल्या की सवडीने फोन कर. तीन दिल्या की ताबडतोब निघून ये. दोन किंवा तीनला त्याने एक परत दिली की: समजलं. आणि कुणीही फोन उचलायचा नाही. उचलला की पैसे.

पुढे बोलणं फुकट झालं. लोक रस्त्याने तासन्‌तास फोनवर बोलत चालायला लागले. ताईच्या सिमवर मात्र त्याने तो जुना प्लॅन जपून ठेवला होता, कारण चालू प्लॅन ग्राहकाच्या इच्छेविरुद्ध बदलता येत नाही, असा नियम होता आणि नियम असताना तो वापरायचा नाही म्हणजे काय! त्यामुळे रिंगा चालूच राहिल्या. "ताईंशी बोललात का?" बायको विचारायची. "रोज," तो म्हणायचा. वर्षातून एकदा धावती भेट व्हायची, तीही तिच्या फोनची बॅटरी बदलायच्या निमित्ताने.

दहा वर्षांत तीन रिंगांची खूण एकदाही वापरली गेली नाही. सरकारी ऑफिसात बसून बसून त्याची बुद्धीही तशीच झालेली. वापरात नसलेली खूण रिकामी कशाला ठेवायची? त्याने रिंगांची सुधारित यादी तयार केली. तीन रिंगा म्हणजे आता 'पार्सल मिळालं'. चार म्हणजे 'रिचार्ज संपत आला'. पाच म्हणजे 'पाऊस आहे'. यादी ऑफिसच्या संगणकावर टाइप करून, प्लास्टिकचं आवरण चढवून त्याने ती नव्या चार्जरबरोबर ताईला कुरियरने पाठवली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याची रिंग गेली, तिची एक परत आली. दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. एक. दोन. तीन.

"पार्सल मिळालं!" तो स्वयंपाकघरात जाऊन ओरडला. "बघ, या वयातसुद्धा पहिल्या फटक्यात यादी पाठ!" आणि त्याने एक रिंग परत दिली. नव्या यादीतही आणि जुन्या यादीतही तिचा अर्थ एकच होता: समजलं.

त्यानंतर दहा महिने ताईच्या रिंगा अशा चोख यायच्या की विचारू नका. पाऊस पडला की पाच. रिचार्ज संपायच्या आदल्या दिवशी चार. टॉवर खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला ताईचं कौतुक ऐकवायचा. त्या वर्षी बॅटरीही ठणठणीत होती, म्हणून धावती भेटसुद्धा राहून गेली.

मग कंपनीचा निरोप आला. आपल्या नावावर अकरा नंबर आहेत, नियमाप्रमाणे नऊच ठेवता येतात. दोन परत करा आणि उरलेल्यांची पडताळणी पंधरा दिवसांत करा. प्रत्येक नंबरावर ओटीपी येईल, तो कळवा. नाहीतर सगळे बंद. हा नियम त्याने आजवर शंभरेक माणसांना खिडकीतून समजावला असेल. स्वतःची सिम मोजायचं काही त्याला सुचलं नव्हतं. आता ताईच्या फोनवर येणारा ओटीपी विचारायचा तर तिच्याशी बोलावं लागणार होतं, तोंडाने.

रविवारी सकाळी त्याने नंबर लावला. एक रिंग झाली आणि सवयीने बोट फोन तोडायला निघालं. त्याने ते आवरलं. दुसरी, तिसरी, चौथी. पलीकडे शिलाई मशीनची खडखड ऐकू आली आणि ती थांबली.

"अहो, काय झालं? आज एवढा वेळ का वाजवताय?" एक बाई म्हणाली.

"ताई?"

"ताई नाही, मी खालची. शिवणकाम करते. तुम्ही त्यांचे भाऊ ना?"

"हो. पण हा फोन तुमच्याकडे कसा?"

"माझ्याकडेच तर असतो. दहा महिने मीच रिंग देते ना तुम्हाला! यादी भिंतीवर लावलीय मशीनच्या वर. का, चुकली का कधी?"

"नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "एकदाही नाही." मग त्याने घाईघाईने विचारलं, "ताई कुठे आहे?"

"वर आहेत. आता काठी घेऊन चालतात की."

"काठी?"

बाई जरा घुटमळली. "तुम्हाला माहीत आहे ना? न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या त्या. मांडीचं हाड मोडलं. मी तुम्हाला कळवते म्हटलं, तर म्हणाल्या, नको, त्याला समजलंय. मग फोन माझ्याकडे दिला. म्हणाल्या, सातला रिंग येईल, एक परत देत जा, त्याला बरं वाटतं."

त्याने तारीख विचारली. ती तारीख त्याला पाठ होती: कुरियरच्या पावतीवरच्या तारखेनंतरचा तिसरा दिवस. "आणि पार्सल?" त्याने विचारलं.

"ते ना, त्या दवाखान्यात असताना आलं. मीच सोडवून घेतलं."

म्हणजे पार्सल मिळाल्याची खूण ज्या यादीत होती, ती यादी त्या दिवशी पार्सलातच होती आणि पार्सल वाटेत होतं. ताईजवळ तेव्हा फक्त जुनी यादी होती. एवढी साधी गोष्ट खुर्चीवर बसून नियम शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती. इथपर्यंतची गोष्ट तो हसत सांगतो. पुढची सांगताना हसत नाही.

मिळेल त्या बसने तो निघाला. तीन तास खिडकीशी बसून त्याने एक झकास वाक्य जुळवलं. ताई, असल्या गाढवाला वीज खात्याने खिडकीत बसवलं, हे त्या खात्याचं मोठं मन. ती हसेल, काठी उगारेल, आणि मग बाकीचं सोपं जाईल, असा त्याचा बेत होता. जिना चढतानाही तो ते वाक्य मनात घोळवत होता.

दार उघडंच होतं. ताई खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी. किती वाळली होती ती! त्याला पाहून ती 'ये' म्हणाली नाही.

"ताई, असल्या गाढवाला..." त्याने सुरुवात केली.

तिने हात वर केला. "थांब. आधी माझं ऐक. तू आला नाहीस, त्याचा मला राग नाही. माणूस अडकतो कधी. पण तू 'समजलं' म्हणालास. तुझी रिंग आली आणि मी निवांत झाले. खाली मशीन चालू होतं, मला ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर ती दोन मिनिटांत वर आली असती. मी मारली नाही. म्हटलं, कशाला कुणाला त्रास, तो निघालाय. साडेदहापर्यंत पोहोचेल. दाराला आतून कडी होती. सरपटत जाऊन तेवढी काढून ठेवली. तुला बाहेर ताटकळायला नको म्हणून."

त्याने मागे वळून दाराच्या कडीकडे पाहिलं.

"दुपारी दोनला ती पीठ मागायला वर आली, तेव्हा सापडले मी तिला," ताई म्हणाली.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. तोंडात आलं ते पुन्हा तेच, सवयीचं. "ताई, मी म्हणजे एक नंबरचा मूर्ख, ती यादी करणाऱ्याला तर..."

"नको," ती म्हणाली. "तू आता स्वतःला चार शिव्या घालशील, मला हसू येईल, आणि संपलं. शाळेत नापास झालास तेव्हाही हेच केलंस. लहानपणापासून तुला हेच जमतं. आज मला हसायचं नाही."

खालचं मशीन चालू झालं, थोडा वेळ चाललं आणि थांबलं. हसवता येणार नाही म्हटल्यावर आपल्याजवळ बोलायला काहीच नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं. लाज वाटली, आणि भीतीही वाटली, की ही आता आपल्याला जा म्हणेल.

"चुकलो मी, ताई," तो शेवटी म्हणाला. "तू पडली होतीस. मला बोलावलंस. आणि मी आलो नाही."

ताईने काठीने समोरची खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"बस," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला रोज सकाळी एवढंच कळत आलं, की तू जिवंत आहेस. बाकीचं सांग."