थांबेल की!

पोलादपूरच्या स्टँडवर महाडची एसटी चालू ठेवून ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं आपटत बसायचा आणि समोरच्या हॉटेलात नाना बशीतला चहा फुंकत असायचे. कोणी आठवण करून दिलीच तर म्हणायचे, "थांबेल की! मी बसल्याबिगर ती जातेय कुठं?" ती खरंच थांबायची. एमआयडीसीत पाळीला निघालेले कामगार दात-ओठ खायचे, पण तोंडातून ब्र काढत नसत.

नाना आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शिक्षण बेताचं, बोलणं बेफाम. त्यांचा आशीर्वाद झाल्याशिवाय लग्नात अंतरपाट सरकत नसे, आणि त्यांनी 'चार शब्द' बोलल्याशिवाय सरण पेटत नसे. माणूस वाईट होता असं म्हणून मी त्यांना उगाच मोठं करणार नाही.

आपला एक अंतराळवीर अंतराळ स्थानकात राहायला गेला, तो नेमका आषाढात. मी शाळेत विज्ञान शिकवते. ते स्थानक चालत्या चांदणीसारखं नुसत्या डोळ्यांनी दिसतं, असं सांगून मी मुलांना वेड लावलं होतं. आठवीतली सायमा तर रोज आभाळ बघून यायची. तिचे वडील सौदीला ट्रेलर चालवतात. "बाई, अब्बांना फोनवर सांगनार हाय, मी आपला मानूस बघितला म्हनून," ती म्हणायची. अखेर पावसाने उघडीप दिली, आणि त्याच संध्याकाळी स्थानक आमच्या डोक्यावरून जाणार होतं.

हेडमास्तरांनी हे नानांच्या कानावर घातलं, आणि झालं! मैदानात मांडव पडला. हॅलोजन आले, शाली आल्या, नारळ आले. आभाळ बघायला जमलेली मुलं ताडपत्रीखाली बसवली. का, तर पाहुणे भिजले तर!

नाना उशिरा आले आणि त्यांनी माईक धरला. वेळ जवळ आली तशी मी स्टेजवर जाऊन हळूच म्हटलं, "नाना, आता येईलच ते. दिवे बंद करून मुलांना बाहेर सोडू या."

त्यांनी माईकवर हात ठेवला. "थांबेल की! एवढा खर्च करून वर गेलेत, घाई कसली?"

मी मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिले. डोंगरामागून ते वर आलं, लखलखीत, आवाज न करता. "आलं! आलं!" मी ओरडले.

"बाई, शांतता राखा," माईकवरून नाना म्हणाले. "तुमीच असं केलंत तर पोरांनी काय शिकायचं?"

मुलं हसली. सायमा अर्धी उठली होती. हेडमास्तरांनी डोळे वटारले, तशी ती खाली बसली.

आभारप्रदर्शन संपल्यावर नाना बाहेर आले, एका ठळक ताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बघा! मी बोल्लो नव्हतो, थांबेल?" टाळ्या झाल्या. मला इतकी शिसारी कधी आली नव्हती.

"बाई, ते हालत का नाय?" सायमाने विचारलं.

"ते ते नाही, बाळा," मी म्हटलं. तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी पाऊस पुन्हा लागला, आणि आभाळ मोकळं होईपर्यंत आपला माणूस खाली परतलाही होता.

"बाई, वर आता कोन हाय?"

"दुसऱ्या देशांचे आहेत."

"आपला नाय ना," ती म्हणाली, आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

हिवाळ्यात नाना गेले. अंगणात हार-फुलांखाली त्यांना ठेवलं होतं, आणि मुंबईहून एक पुढारी चार शब्द बोलायला यायचे होते. ते येईनात. शाळेची मुलं उन्हात रांगेत उभी. तिरडी तयार, माणसं तयार, आणि नाना आपले थांबलेले.

सायमा पुढे आली. "बाई, आमची एसटी जाईल."

हेडमास्तर पाठीमागून पुटपुटले, "थांबेल की!"

"कोनासाठी?" तिने विचारलं. "नाना तर हितं हायत."

तिने दप्तर पाठीला लावलं आणि ती स्टँडकडे चालू लागली. मी कोणालाही न विचारता सगळी रांग तिच्यामागे पाठवून दिली.