आधी कागद, मग डुबकी

फॉर्मवरचा सहावा प्रश्न होता : आजवर किती वेळा पाण्याखाली उतरलात?

मी तो इंग्रजीतून मराठीत करून सांगितला. उकंडाभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मुडदे धरून का मुडदे सोडून?"

फॉर्म मस्कतच्या एका डायव्हिंग सेंटरचा होता. तो तयार करणाऱ्या माणसाने दमा, फुटका कानाचा पडदा, गरोदरपण आणि आदल्या रात्रीची दारू इथपर्यंत विचार केलेला होता. मुडद्यांचा विचार त्याने केलेला नव्हता. चौकट तीन आकड्यांची होती.

"अंदाजे सांगा," मी म्हटलं.

"अंदाजे कायले, गुर्जी? मुडदे एकशे सहा. मोटारी, बादल्या, एक म्हैस अन् एका बँडवाल्याचा ढोल, हे कोन मोजते?"

उकंडा सोनबा मनवर, वय अठ्ठावन्न, एरवीचा धंदा गवंडीकाम. फुलसावंगीच्या बाजाराला जाणाऱ्या आमच्या दहा-बारा गावांत विहिरीत, डोहात किंवा धरणाच्या पाण्यात काही गेलं की आधी त्यांना फोन जातो आणि मग पोलिसांना. त्यांच्या आधीची दोन भावंडं दगावली होती. म्हणून हे जन्मल्यावर आजीने त्यांना उकिरड्यावर टेकवून उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. मृत्यूला वाटावं, हे कुणी टाकून दिलेलं दिसतं, याला नेऊन काय करायचं. मृत्यू फसला. इतका फसला, की पुढे चौतीस वर्षं उकंडाभाऊच त्याच्या घरात उतरून माल वर काढत राहिले.

सुरुवात वामनरावांच्या विहिरीपासून झाली. गावात तेव्हा ती एकच विहीर उन्हाळ्यातही भरलेली असायची. सोनबांना, म्हणजे उकंडाभाऊंच्या वडलांना, तिच्यात बादली सोडायची परवानगी नव्हती. पुढे एकदा वामनरावांची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली आणि गावातला एकही पोहणारा तळापर्यंत जाईना, तेव्हा सोनबांच्या पोराला बोलावणं आलं. बापाची बादली जिथे चालत नव्हती तिथे पोरगा अख्खा चालला. मोटार निघाली. संध्याकाळी वामनरावांच्या आईने विहिरीत गोमूत्र शिंपडलं. मोटारीवर शिंपडलं की नाही, याची नोंद नाही.

उतरायची त्यांची रीत ठरलेली. कानात गोडं तेल, कमरेला दोर, हातात पाच-सहा किलोचा दगड. दगड माणसाला झपकन तळाला नेतो, तिथे तो सोडून द्यायचा. दोराचं दुसरं टोक काठावर बायकोच्या, सत्यभामाबाईंच्या हातात. एक झटका म्हणजे दोर सैल सोड, दोन म्हणजे ओढ, तीन म्हणजे सापडलं. बाईंना पोहता येत नाही, पण त्यांनी दोर आजवर दुसऱ्याच्या हाती दिलेला नाही. एकदा सरपंच मदतीच्या भावनेने पुढे झाले, तर बाई म्हणाल्या, "तुमी भाषण करा, भाऊ. दोर राहू द्या."

त्यांची मुलगी दीपा दोन वर्षांपासून मस्कतला एका दवाखान्यात नर्स आहे. तिने आई-बाबांची तिकिटं काढली आणि काय काय पाहायचं ते फोनवर सांगितलं : किल्ला, मॉल, रात्रीचे दिवे. त्यासोबत तिथल्या समुद्राचा एक व्हिडिओ पाठवला. एक माणूस पाण्याखाली चाललाय, खाली वाळूचा कण न् कण दिसतोय, आणि आजूबाजूला मासे असे हिंडताहेत जसे संध्याकाळी यवतमाळच्या दत्त चौकात लोक, कुणालाच कुठे पोचायचं नसलेले.

उकंडाभाऊंनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला.

"हा शोधून काय राह्यला?" त्यांनी दीपाला विचारलं.

"काईच नाई, बाबा. पाहाले उतरला."

"नुसता पाहाले?"

"हाओ. सुटीत येतात लोक. हौस म्हून."

विहिरीच्या तळाशी काही दिसत नाही. गाळ उठला की डोळे उघडे काय नि मिटलेले काय. जे पाहायचं ते हाताने, आणि हाताला जे लागतं ते पाहण्यासारखं नसतं. चौतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाने पाण्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ला आणि मॉल बेतातून काढून टाकले.

त्यांचा बेत कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलेला आहे, तो मी पाहिला. पहिले दोन दिवस तोंडात नळी धरून वरच्यावर पोहायचं, "समुद्राची वळख होईस्तोर". मग पाठीवर टाकी घेऊन खाली. शेवटच्या दिवशी भाल्याने मासे. या शेवटच्या कलमाचा त्यांना अधिकारही होता. पोरपणी छत्रीची काडी घासून टोकदार करायची, सायकलच्या ट्यूबचं रबर ताणायचं आणि नदीच्या डोहात बुडी मारून मासा टिपायचा, हे त्यांनी दहा वर्षं केलं होतं. टाकी पाठीवर असताना भाला चालवायचा नाही, असा सेंटरचा नियम मी वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बराबर आहे. मासा बिगर टाकीचा, मंग मानूसही बिगर टाकीचाच पाह्यजे."

बेत गावात कळायला एक दिवस लागला. थोरला मुलगा इंद्रजित लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो सुटी काढून आला.

"बाबा, लोकं हासून राह्यले. या वयात कुठं समुद्रात डुबक्या मारता?"

"पोळ्याच्या दिवशी त्या बंधाऱ्यात उतरलतो तवा वय नव्हतं का माह्यं? तवा कोनी हासलं नाई."

"ते काम होतं."

"म्हंजे मेलेल्यासाठी उतरलो तं काम, अन् माह्यासाठी उतरलो तं हासू?"

इंद्रजितने विषय सोडला. वामनराव सोडणाऱ्यांतले नव्हते. पंचाहत्तरी उलटलेली, पण पानठेल्यावरची जागा त्यांनी सोडलेली नाही. "काय रे उकंडा," ते चारचौघांत म्हणाले, "विहिरीतला बेंडूक समुद्रात चालला म्हन्तात."

ही कोटी त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे शोधून काढली होती.

"हाओ, वामनराव," उकंडाभाऊ म्हणाले. "बेंडूक निदान पान्यात तरी गेलता. तुमी काठावरच राह्यले, अन् वरून गोमूत्र शितडलं."

पानठेल्यावर त्यानंतर थोडा वेळ कापसाच्या भावाची चर्चा झाली.

अडचण हसण्याची नव्हती, कागदाची होती. फॉर्म गेला आणि चार दिवसांनी उत्तर आलं. डायव्हिंगचं प्रमाणपत्र नसेल तर पाण्याखाली जाण्याच्या अनुभवाचा सरकारी किंवा संस्थेचा लेखी पुरावा द्यावा. तोही नसेल तर पाहुण्यांना गुडघाभर पाण्यात, नारिंगी जाकीट घालून, हात धरून नेण्यात येईल. भाला मिळणार नाही. सोबत नारिंगी जाकीट घातलेल्या एका आनंदी मुलाचा फोटो होता.

फोटो पाहून उकंडाभाऊंनी फोन माझ्याकडे परत दिला. "माह्या हात धरून?" एवढंच म्हणाले.

पण चेहऱ्यावर काळजी नव्हती. एकशे सहा मुडदे म्हणजे एकशे सहा पंचनामे, आणि पंचनाम्याहून सरकारी कागद कोणता? ते आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. जमादार बाबुलाल राठोड भला माणूस. त्याने कपाटातून सापडल्या तेवढ्या जुन्या नकला काढल्या, आणि आम्ही तिघे वाचायला बसलो. विहीर अमुक, खोली अमुक, आणि मग : "सदर प्रेत गावकऱ्यांच्या मदतीने बाहेर काढले." दुसरा कागद. "गावकऱ्यांच्या मदतीने." तिसरा. बाविसाव्यापर्यंत आम्ही आलो. उकंडाभाऊ चौतीस वर्षं गावकरी होते, तेही अनेकवचनी.

"पाचशे गावकरी काठावर उभे होते," ते म्हणाले. "त्यायच्यातला वल्ला कोनता होता, हे कोनी लिहिलं नाई?"

"तसा मसुदाच आहे, भाऊ," बाबुलाल ओशाळून म्हणाला. "पहिल्यापासून."

एक पत्र द्या म्हटलं, तर मोठ्या साहेबांनी आतून कळवलं की अशा पत्राची तरतूद नाही. आणि उकंडा तर आपला घरचाच माणूस, त्याला कागद कशाला?

घरचा माणूस बाहेर आला, चपला घातल्या आणि म्हणाला, "येईन मौका."

मोका बारा दिवसांनी आला, उड्डाण आठवड्यावर असताना. चोरीची एक मोटारसायकल चोरट्यांनी विहिरीत ढकलली होती. विहीर वामनरावांची, तीच. आता कुणी तिचं पाणी पीत नाही, पण दिवाळीनंतरचं पाणी चाळीस फूट होतं. पोलीस आले, ट्रॅक्टर आला, गाव आलं. सत्यभामाबाई दोराचं वेटोळं घेऊन काठावर बसल्या. उकंडाभाऊंनी सदरा काढला, कानात तेल घातलं, दगड निवडला आणि त्याच दगडावर बसले.

"काय झालं, भाऊ?" बाबुलालने विचारलं.

"आधी कागद. मंग डुबकी."

"पंचनामा नंतर लिहितात ना!"

"नंतरचा मी चौतीस वर्षं पाह्यला. आज उतरनाऱ्याचं नाव पह्यले लिहा."

"अन् उद्या मुडदा असला तं त्यालेही असाच थांबवशीन काय रे?" वामनराव गरजले. त्यांना विहिरीभोवती पोलीस नको होते.

"मुडद्याची गोष्ट येगळी हाये, वामनराव. त्याले थांबवत नसतात. त्याची माय काठावर बसून असते. हे गाडी आहे. गाडी थांबते."

गाडी थांबली. साहेबांना फोन झाला. साहेबांनी पलीकडून काय म्हटलं ते कळलं नाही, पण गाडी न्यायालयात दाखवायची होती आणि चाळीस फूट पाण्यात उतरण्याची तरतूद साहेबांकडेही नव्हती. बाबुलालने कागद काढला. "काय लिहू? पट्टीचा पोहनारा?"

"पोहनारा वरून असते. मी खालून आहो."

"मग?"

"पानबुड्या लिहा. पूर्न नाव लिहा, बापाच्या नावासकट. पान्याची खोली लिहा. अन् घड्याळ लावून टाइम लिहा."

"पंच कोण?"

विहिरीचा मालक पंच असणं रीतसर होतं. वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग दगड मांडीखाली घेऊन बसलेल्या त्या माणसाकडे पाहिलं आणि खिशातून चष्मा काढला.

पहिल्या डुबकीत गाडी सापडली, तीन झटके. दुसरीत साखळी अडकवली, एक मिनिट पन्नास सेकंद. साखळी निसटली म्हणून तिसरी. गाडी गाळ ओकत वर आली. कागदावर लिहिलं होतं : "पाणबुड्या उकंडा सोनबा मनवर यांनी एकूण तीन वेळा पाण्याखाली चाळीस फुटांवर उतरून सदर वाहन बाहेर काढले." खाली वामनरावांची वळणदार सही. पुढच्या ओळीत बाबुलालने हाताच्या सवयीने "गावकऱ्यांच्या" एवढं लिहिलं होतं. ते त्याने खोडलं आणि खोडलेल्यावर रीतसर सही केली.

"सोनबाचं नाव बराबर लिहिलं ना?" उकंडाभाऊंनी अंग पुसत मला विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे. विहिरीकडे एकदा पाहून ते घरी गेले.

मी कागदाचं इंग्रजी केलं, दीपाने ते नेऊन दिलं. सेंटरचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. पुरावा मान्य, एक दिवस टाकी शिकायची आणि मग खोल पाणी, भालासुद्धा. एकच बाब उरली होती. पाण्यात कुणी एकटं जात नाही, तर आपल्या जोडीदाराचं नाव कळवावं.

"सत्यभामा उकंडा मनवर," ते म्हणाले. मी लिहिलं.

दीपाचा फोन आला. "बाबा, जोडीदार संग पान्यात लागते. आईले पोहता येते काय?"

"ते वर हाये म्हून मी खाली हावो. हेच सांग त्यायले."

दीपाने सांगितलं. तिथल्या माणसाने असं ठरवलं, की पाण्यात त्यांचा शिक्षक सोबत राहील आणि बाई नावेत दोर धरून बसू शकतात, नियमात तसं कुठे मना केलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा इंद्रजित वजनकाट्याला बॅग लटकवून उभा होता. बॅग सहा किलोने जास्त भरत होती. छत्रीच्या काडीचा भाला विमानात चालत नाही म्हणून घरीच राहणार होता. इंद्रजितने आत हात घालून दोराचं वेटोळं बाहेर काढलं. "आई, तिथं दोर भेटते. चांगला, नायलॉनचा."

"ठेव तो आत," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी बॅगेतून तीन साड्या काढल्या, त्यांतली एक दीपाने धाडलेली होती. काटा पाहिला. मग पापडाचा डबाही काढला. "साड्या पाहाले तिथं कोन बसून हाये? मासे?"

दोर आत गेला. बाई त्याचे पदर नीट बसवता बसवता थांबल्या.

"अवो, पन तिथं तं काई शोधाचं नाई. तीन झटके कायचे देसान?"

उकंडाभाऊंना हा प्रश्न पडलेला नव्हता. ते ओसरीच्या खांबाला टेकले.

"चार देईन," ते म्हणाले. "चार म्हंजे वढू नोको. पाहून राह्यलो."

बाईंनी बॅगेची चेन ओढली.

"एक डाव चार देजा. दुसऱ्यांदा चार देल्ले, तं मी वढीन."